ठराव वहीची पहिली ओळ



आमच्या एका गटाची जुनी ठराव वही संपली आणि नवी आणली, तेव्हाची ही गोष्ट. सचिव बाईंनी हौसेनं पहिल्या पानावर लाल पेनानं 'श्री गणेशाय नमः' लिहिलं. त्याखाली कर्जमागणीचा ठराव. बारा जणींच्या सह्या पाहिजे होत्या, अकरा झाल्या. बाराव्या आजी. साठी ओलांडलेल्या, हप्ता कधी न चुकवणाऱ्या, सही स्वतः करणाऱ्या. त्यांनी पेन घेतलं, पानाच्या वरच्या ओळीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "याच्या खाली मले सही नाही करता येत, बाई."

मी चिडले. रोवणीचे दिवस होते, दोघींना मजुरीसाठी पैसा लगेच हवा होता. मी बोलून गेले, "आजी, गणपतीनं तुमचं काय घोडं मारलं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "काहीच नाही. मी त्याले वाईट म्हणत नाही. पण माझ्या हातून पाचच नावं लिहिली जातात." आजी महानुभाव पंथाच्या. ती पाच नावं म्हणजे श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. बी. ए. ला मराठीच्या पुस्तकात मी लीळाचरित्र परीक्षेपुरतं वाचलं होतं. आपल्या गटातच त्या परंपरेची एक बाई बसते, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्या रात्री जुनं पुस्तक काढलं, आणि मग वाचतच गेले.

हा पंथ आपल्याला दूरचा नाही. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात गुजरातेतून आले, त्यांचे गुरू गोविंदप्रभू अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे. स्वामींच्या सुरुवातीच्या शिष्यांपैकी एक नीळभट भांडारेकार, म्हणजे भंडाऱ्याचे. आपला गोंदिया जिल्हा 1 मे 1999 पर्यंत भंडाऱ्यातच होता, तेव्हा नीळभट आपलेच म्हणायला हरकत नाही. स्वामी मराठीत बोलत. बायांना शिष्य करून घेत. बाईच्या विटाळाला त्यांनी धर्मात जागा दिली नाही. आजही आपल्याकडे पाळीतल्या बाईला बैठकीत कोपऱ्यात बसवणारी घरं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

स्वामी गेल्यावर म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना विचारून एकेक आठवण त्यांनी लिहून घेतली, आणि त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. पंथाचे ग्रंथ लिहायचे कोणत्या भाषेत, यावरूनही पंथात प्रश्न उठला. तेव्हा पवित्र गोष्ट लिहायची ती संस्कृतात, अशी रीत. केशोबास हे संस्कृतचे मोठे पंडित, त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. आचार्य नागदेव यांनी त्यांना थांबवलं. कारण काय सांगितलं? संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. सातशे वर्षांपूर्वी एका धर्माच्या प्रमुखानं ग्रंथाची भाषा ठरवताना म्हाताऱ्या बायांचा विचार केला. ज्यांना संस्कृत येत होतं त्यांना हे कमीपणाचं वाटलं असेल, पण नागदेवांनी ते चालवून घेतलं.

बाया तिथे नुसत्या ऐकायला बसत नव्हत्या. महदाइसा प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. तिचे धवळे म्हणजे लग्नातली गाणी, तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. पुढे यवनांच्या धाडीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. ज्याला जे पाठ होतं त्यावरून ग्रंथ पुन्हा लिहावा लागला. त्या पाठांपैकी एक हिराइसा नावाच्या बाईच्या नावानं ओळखला जातो. म्हणजे धर्माचा ग्रंथ एका बाईच्या डोक्यात जपला गेला. आपण बचतीचा आकडा विसरू नये म्हणून तीन ठिकाणी लिहितो!

आता मला अडलं ते इथे. चौदाव्या शतकात याच पंथानं आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यातली मुख्य, ती रवळोबासांनी केली असं सांगतात. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर घालायचं. किल्ली माहीत नसेल तर पान समोर असूनही काही कळत नाही. सुंदरी लिपी, अंकलिपी अशा आणखीही होत्या. कारणं दोन सांगितली जातात. एक, धामधुमीत पोथी परक्या हाती पडली तर तिची विटंबना होऊ नये. दुसरं, ज्याची श्रद्धा नाही त्यानं वाचून उलटा अर्थ काढू नये. पंथ पुढे पंजाबात गेला, तिथे त्याला जयकृष्णी म्हणतात. थेट काबूलपर्यंत त्यांचे मठ झाले, आणि तिथेही या मराठी पोथ्या जपल्या गेल्या.

मला विचाराल तर ही दोन टोकं माझ्या मनात अजून जुळत नाहीत. म्हाताऱ्या बायांना कळावं म्हणून मराठीत लिहिलं, आणि शे-दीडशे वर्षांच्या आत तेच मराठी कुलपात घातलं. ज्यांना गुरूनं लिपी शिकवली त्यांना वाचता येत होतं, हे खरं. पण शेजारच्या घरातली बाई मात्र बाहेर राहिली. अक्षरं लपवली की बाहेरचे लोक वाट्टेल ते बोलतात. हे लोक काहीतरी वाईट लपवतात, असा संशय या पंथानं फार सोसला. संत-पंडितांच्या मराठी इतिहासात त्यांना कितीतरी काळ जागाच नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही महंतांनी किल्ली आणि पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांनी ते जगापुढे मांडलं, पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी काम वाढवलं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ सगळ्यांसाठी उघडा झाला तो असा.

उघडा झाला, पण दुखणं संपलं नाही. डॉ. वि. भि. कोलते आपल्या विदर्भातलेच, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. अख्खं आयुष्य त्यांनी महानुभाव साहित्यात घातलं. अनेक पोथ्या ताडून त्यांनी संपादलेलं लीळाचरित्र 1978 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापलं. त्यातल्या काही लीळा स्वामींना कमीपणा आणणाऱ्या आहेत, त्या मागाहून कोणीतरी घुसडलेल्या आहेत, असं पंथातल्या अनेकांचं म्हणणं पडलं. वाद कोर्टापर्यंत गेला. कोलत्यांच्या बाजूनं पाहिलं तर जुन्या पोथीत जे आहे ते गाळणं म्हणजे लबाडी. भक्ताच्या बाजूनं पाहिलं तर ज्याला मी रोज दंडवत घालते त्याच्याबद्दल सरकारी पैशानं काहीबाही छापलं जातंय. दोघांनाही ग्रंथ प्यारा. माझा कल कोलत्यांकडे आहे, कारण एकदा गाळायला लागलं की कोण काय गाळेल सांगता येत नाही. आणि हिराइसानं जे लक्षात ठेवलं ते आपण का पुसायचं? पण आजींचं पेन खाली ठेवणं पाहिल्यापासून दुसऱ्या बाजूला मी हसत नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण गावात लगेच 'पोलिसात जाऊ' सुरू होतं. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम 295 अ, 1927 साली आलेलं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम 299 आहे. त्यात मुख्य गोष्ट हेतू. जाणूनबुजून आणि दुष्ट बुद्धीनं अपमान केला असेल तरच ते लागतं. आमच्या सचिव बाईंनी भक्तीनं लिहिलं होतं, आजींनी भक्तीनंच नाकारलं. यात कलमाला जागा नाही. म्हणून त्रास झाला नाही असं मात्र नाही.

याच आठवड्यात गटातल्या एका गोंड ताईंनी मला वेगळंच विचारलं. त्या दरवर्षी माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला जातात. म्हणाल्या, "आमच्या पेनाचं नाव तुम्ही देवनागरीत लिहिता, आणि पेन म्हटलं की पोरं लिहायचा पेन समजून हसतात." गोंडीत पेन म्हणजे देव. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगल सिंह मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली होती. आपली पवित्र नावं आपल्या अक्षरात असावी, ही ओढ त्यामागे असणारच, असं मला वाटतं. ताईंचा राग लिपीवर नव्हता, हसण्यावर होता. आमच्याच गटात चौघी बौद्ध आहेत. त्यांनी इतकी वर्षं 'श्री गणेशाय नमः'खाली सह्या केल्या, त्यांना मी कधी विचारलंच नाही. आता विचारलं तर एक जण म्हणाली, "कर्ज अडू नये म्हणून करत होतो."

हे ऐकल्यावर मी बैठक घेतली. कोणी म्हणालं सगळ्यांचंच लिहू: गणेश, जय भीम, जय सेवा, दंडवत प्रणाम. आजी म्हणाल्या, "मग ठराव कुठं लिहाल?" सगळ्या हसलो. सचिव बाई मात्र रुसल्या. आपण काही पाप केल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांची समजूत काढायला मला दोन दिवस त्यांच्या घरी जावं लागलं. ती वही त्यांनी घरी नेली, देवघरात ठेवली. पान फाडू दिलं नाही, आणि आम्हीही फाडा म्हटलं नाही.

दुसरी वही आणली. तिच्या पहिल्या ओळीवर गटाचं नाव, गाव आणि तारीख आहे. बारा सह्या झाल्या. कर्ज रोवणी झाल्यावर महिनाभरानं मिळालं. त्या दोघींनी मजुरीचे पैसे सावकाराकडून उचलले होते, त्याचं व्याज गटानं आपल्या बचतीतून भरलं. तो ठराव वहीच्या तिसऱ्या पानावर आहे.