पडघ्याची वाट आणि जकातीचा हिशेब

मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याने भिवंडी मागे टाकून थळघाटाच्या दिशेने निघाले की पडघा लागते. आणि या गावाचा पूर्वेतिहास ज्याला जाणून घ्यावयाचा आहे, त्याने राजवंशांच्या याद्या बाजूला ठेवून मालाची वाहतूक आणि तिच्यावरील महसूल यांचाच माग काढावा, असे माझे मत आहे.

घाटवाटांवर जकात घेण्याची वहिवाट फार जुनी. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठीच होता, असे परंपरा सांगते. इंग्रजी अमलात 1838 साली मुंबई इलाख्यातील वाटेवरची जकात उठली. लोहमार्ग 1854 मध्ये कल्याणास आला आणि 1865 मध्ये थळघाट चढून इगतपुरीस पोहोचला. परंतु रूळ खडवली-वाशिंदवरून गेले, पडघा हमरस्त्यावरच राहिले. मालमोटारींच्या काळात तोच हमरस्ता पुन्हा गजबजला.

वाटेवरची जकात गेली, तरी शहराच्या वेशीवरची राहिली. मुंबईच्या हद्दीत शिरताच मालावर जकात द्यावी लागे. तेव्हा माल शहरात साठवून आगाऊ जकात भरण्यापेक्षा तो भिवंडी तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या हद्दीत ठेवावा आणि गिऱ्हाइकाची मागणी येईल तसतसा आत न्यावा, हे व्यापाऱ्याने ताडले. नाक्यावर पैसे मोजी तो मोटारवाला, पण तो भार किमतीत मिसळून अखेरीस बव्हंशी गिऱ्हाइकाच्या खिशावर पडे. यालाच करसंक्रमण म्हणतात. इकडे पावसाळ्यात भात आणि त्यामागून वाल घेणाऱ्या खातेदारापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला: जमीन गोदामास दिली तर भाडे मिळते, पण पीक जाते. हे गेलेले पीक म्हणजेच पुस्तकातील ‘वैकल्पिक परिव्यय’. तो खातेदाराने विद्यार्थ्याच्या कितीतरी आधी, आणि पुष्कळदा जड अंतःकरणाने, ओळखला होता.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. ज्या कारणाने गोदामे आली ते कारणच नाहीसे झाले, तरी गोदामे हटली नाहीत. कारण राज्याराज्यांतील करभेद मिटल्यावर ठिकठिकाणी लहान वखारी ठेवण्यापेक्षा बंदर आणि महानगर यांच्या जवळ एकच मोठी वखार व्यापाऱ्यास परवडू लागली. दिल्लीत ठरलेली करव्यवस्था हा समग्रलक्षी अर्थशास्त्राचा विषय, पडघ्याच्या एका खाचराचे भाडे हा अंशलक्षी. पाठ्यपुस्तक त्यांना दोन भागांत बसवते, परंतु या रस्त्यावर त्यांची सीमारेषा मला आजवर सापडलेली नाही.

पडघ्याच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच, की ज्यांनी या खाचरांत स्वतः लावणी केली ती वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर त्यांच्याकडून भाताचा भाव, मजुरी आणि गोदामाचे पहिले भाडे यांचे आकडे सालवार लिहून घ्यावेत.