घाडगे, यशवंत

घाडगे, यशवंत : (1921–10 जुलै 1944). दुसऱ्या महायुद्धात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला मराठा पलटणीचा सैनिक. गाव पळसगाव, तालुका माणगाव (जि. रायगड). हुद्दा नाईक, पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. कोकणात नाईक हे आडनावही असल्याने जुन्या यादीतले ‘नाईक यशवंत घाडगे’ वाचताना फसगत होऊ शकते.

इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते स्वतः सोडून तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच शत्रूच्या मोर्चावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले आणि आणखी एकाला टॉमीगनने टिपले. काडतुसांची नवी पेटी चढवायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. पुढे शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून त्याच मोर्चात त्यांचा अंत झाला. वय 22.

त्यांची कबर ज्ञात नाही. हिंदू सैनिकाची कबर शोधणे हेच मुळात थोडे विचित्र; शक्य असेल तिथे दहन होई आणि अशांची नावे इटलीत वेगळ्या दहन-स्मारकांवर कोरलेली आहेत. घाडगे यांचे नाव मात्र तिथे नसून कसिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांमध्ये आहे. ते पडले ती जागा तिथून बरीच उत्तरेला. इटलीच्या मोहिमेत साडेपाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले.

अशा सैनिकाचा माग कागदात लागतो, पण अक्षरे दगा देतात. रोमन लिपीत ‘यशवंत’चे ‘येशवंत’ आणि ‘मराठा’चे ‘महराट्टा’ होते. जिल्हाही बदललेला : रायगड हे नाव 1981 मधले, त्याआधीचा कुलाबा. माणगावच्या माणसाला लागू तेच याच जिल्ह्यातल्या रसायनी, खालापूर, कर्जतच्या घरांना. आजोबा-पणजोबांचा शोध ‘रायगड’ नावाने घेतला तर हाती काही येत नाही. शोध घ्यायचा तर पलटणीचे केंद्र बेळगावला आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदवह्यांत नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारक मिळते. घाडगे यांचे काम त्यातल्या त्यात सोपे, कारण व्हिक्टोरिया क्रॉसमुळे लंडन गॅझेटमध्ये त्यांच्या पराक्रमाचा सविस्तर वृत्तान्त छापला गेला. साध्या शिपायाची बहुधा नोंदवहीतली एक ओळच.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. 2023 च्या जुलैमध्ये इटलीतील मोंतोने गावात त्यांच्या नावाचे छायाघड्याळ उभारण्यात आले. त्यावर लॅटिनमध्ये कोरलेल्या शब्दांचा अर्थ : सारे एकाच सूर्याखाली.