पूर नव्हे, फुटलेलं धरण

जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग असत: पानशेतच्या आधीचा आणि नंतरचा. अमका वाडा ‘पुरात गेला’, तमकं बिऱ्हाड ‘पुरानंतर’ सहकारनगरला गेलं. पूर म्हटलं की दोष पावसाच्या माथी जातो. पण १२ जुलै १९६१च्या बुधवारी शहरात शिरलं ते फुटलेल्या पानशेत धरणाचं पाणी होतं.

आंबी नदीवरच्या या मातीच्या धरणाचं काम तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. तरी घाईने त्यात पाणी अडवलं. पोटातून पाणी बाहेर काढणाऱ्या मोरीचं काँक्रीट साधं, बिनसळयांचं. दारांचंही काम अर्धवट. तिथेच भराव खचू लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान त्यावर वाळूची पोती रचत राहिले. धरण त्यांना वाचवता आलं नाही, पण फुटणं त्यांनी उजाडेपर्यंत लांबवलं. झोपेतल्या पेठांवर तो लोंढा आला असता तर काय झालं असतं, ही कल्पनाही करवत नाही.

वाटेत होतं १८७९चं दगडी खडकवासला धरण. त्याने काही तास तग धरला, मग त्यालाही भगदाड पडलं. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली गेले. शनिवार, नारायण, कसबा या पेठांतल्या वाड्यांच्या मातीच्या भिंती भिजून जागीच बसल्या.

आणि पाण्याने बुडवलेल्या या शहराला नंतर प्यायला पाणी मिळेना! खडकवासला रिकामं झालेलं. लोक पुन्हा विहिरींकडे आणि पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या हौदांकडे वळले.

चौकशी आधी न्या. बावडेकर आणि मग न्या. नाईक यांच्याकडे आली. पानशेत पुन्हा बांधलं गेलं. पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या.

आता घोर धरणाच्या भिंतीपेक्षा मुठा नदीच्या पात्राचा आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरं पाण्यात गेली. या वेळी धरण शाबूत होतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, दोन्ही नकाशावर आखलेल्या असतात. मुठेकाठी घर घेणाऱ्याने गॅलरीतून नदी दिसते का हे विचारण्याआधी त्या रेषा कुठून जातात ते विचारावं.