पेटीचं दुखणं आणि १९८२ चा डिस्को

आमच्या वालूरला सिंथेसायझर हा शब्द फारसा चालत नाही. कंपनी कुठलीही असो, वाद्य 'कॅसिओ'च. भजनात पेटी, वरातीत कॅसिओ. त्यामुळे मुंबईच्या चरणजित सिंग यांना 'अ‍ॅसिड हाउसचा जनक' ही पदवी मिळाल्याचं वाचलं, तेव्हा मला निराळाच प्रश्न पडला. या माणसाने पेटीचं जुनं दुखणं दूर केलं का?

दुखणं असं, की पट्टी दाबली की ठरलेला सूर वाजतो, सोडली की थांबतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची मींड पेटीला जमत नाही. या आणि अशाच आक्षेपांवरून १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. गंमत म्हणजे मधल्या काळात, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या एनआयडीत थेट मूग सिंथेसायझर येऊन पोचला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तो तिथे बसवला, गीता साराभाईंसारख्यांनी त्यावर प्रयोग केले. पण ते संस्थेच्या भिंतीआडच राहिलं. त्या टेपा जगापुढे आल्या अगदी अलीकडे.

चरणजित सिंग प्रयोगशाळेतले नव्हेत. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला रोज वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जोडली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातलं शेवटचं यंत्र एकट्या गिटारवादकाला साथीला बास मिळावा म्हणून बनवलेलं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती. यंत्र खपलं नाही, १९८४ मध्ये बंद पडलं, सेकंडहँड बाजारात स्वस्त झालं. तेच पुढे शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं आणि १९८७ मध्ये 'फ्यूचर' या ग्रुपची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आली. सिंग यांनी त्याआधी पाच वर्षं त्याच यंत्रावर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले होते. ती रेकॉर्डही चालली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली.

जनक ही पदवी मला खटकते. शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकली होती याचा काहीच पुरावा नाही, मग बाप कुणाचा? शिवाय त्या पदवीत सिंग यांचं मोल शिकागोच्या फुटपट्टीने ठरतं. त्यांच्यासमोर राग होता. ठोक्यावर चालणाऱ्या यंत्रातून मींड काढायची होती.

ती निघाली का? अर्धीच. तोडीत माझं मन लागत नाही. तिथला अतिकोमल गंधार ठरलेल्या पट्टीवर सापडत नाही, आणि पाचेक मिनिटांत, ठेका क्षणभरही न थांबता, आलापाला श्वास मिळणार कुठून? पेटीवरचे निम्मे आक्षेप इथेही लागू पडतात. पण मेघमल्हारात सूर घसरत वर चढतो तेव्हा ते घसरणं यंत्राचं वाटत नाही, गळ्याचं वाटतं. वरातीतला कॅसिओवालाही डाव्या हाताने पिच बेंडचं चाक फिरवून हेच करतो. त्याला कुणी प्रयोगशील म्हणत नाही.

२०१५ मध्ये सिंग गेले. त्याआधी युरोपात जाऊन त्यांनी हेच राग तरुणांसमोर वाजवले होते. मोबाइलच्या स्पीकरवर ही रेकॉर्ड ऐकू नका, बास ऐकूच येणार नाही. इअरफोन लावा, आणि सुरुवात तोडीपासून करू नका.