‘जैत रे जैत’ची गीते : कर्जत-खालापूरच्या ठाकरवाड्यांच्या संदर्भात एक पुनर्विचार

डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘जैत रे जैत’ हा चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला. ना. धों. महानोर यांची शब्दरचना आणि पं. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत लाभलेली त्यातील गीते ध्वनिमुद्रिकांतून, पुढे ध्वनिफितींतून घरोघरी पोहोचली. लोकसंगीताच्या वळणाचे सुगम संगीत म्हणून आजही प्रथम तीच आठवतात. प्रस्तुत लेखात या गीतांचा विचार जेथील जीवन ती मांडतात त्या भूमीवरून करावयाचा आहे.

चित्रपट गो. नी. दांडेकर यांच्या याच नावाच्या कादंबरीवर आधारित आहे. कादंबरीची पार्श्वभूमी कर्नाळ्याचा सुळका व त्याच्या परिसरातील ठाकर ही होय. तेथून खालापूर तालुक्याची हद्द फारशी दूर नाही आणि पुढे कर्जतपर्यंत डोंगराच्या कुशीत ठाकरवाड्यांची माळच लागते. साहजिकच येथील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत ही गीते ‘आपल्या भागातील आदिवासी लोकगीते’ म्हणून सादर होतात. कमरेला पाने गुंडाळलेली मुले-मुली नाचतात. प्रेक्षकांत वाडीवरून आलेले विद्यार्थी बसलेले असतात. ठाकर स्त्रीचे आखूड नेसलेले लुगडे ज्याने नेरळच्या बाजारात एकदा पाहिले आहे त्याला ही पाने कोठून आली हे कळत नाही.

ही लोकगीते नव्हेत. महानोर हे अजिंठ्याच्या डोंगररांगेतील पळसखेडचे, ज्वारी-कापसाच्या काळ्या जमिनीचे कवी. ‘रानातल्या कविता’ (१९६७) मध्ये घडलेली आपली भाषाच त्यांनी ठाकरांच्या मुखी दिली. ‘जांभूळपिकल्या झाडाखाली’ या गीतात कडव्याला झेलणारा ‘जी’ शाहिरीच्या झीलकऱ्यांची आठवण करून देतो. तो घाटावरचा आहे. उत्तर कोकणातील बोलींचा कल ‘ळ’चा ‘ल’ करण्याकडे असतो. गीतांतील ‘जांभूळ’ मात्र शुद्ध ‘ळ’ घेऊन येते. जांभळाचे झाड तेवढे येथले आहे : मे-जूनमध्ये कर्जत-नेरळच्या स्थानकांबाहेर जांभळे घेऊन बसणाऱ्या स्त्रिया याच वाड्यांवरच्या असतात. ठाकरांच्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्याने ल. ना. चापेकर यांच्या १९६० सालच्या ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ या ग्रंथाकडे जावे. या ध्वनिमुद्रिकेला पुरावा मानू नये.

मग ही गीते टिकली ती कशाच्या बळावर? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर समूहगायनात सापडते. चंद्रकांत काळे, रवींद्र साठे आणि नाग्याची भूमिका करणारे मोहन आगाशे हे तिघेही ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकातून आलेले होते व त्याचे दिग्दर्शनही पटेल यांचेच होते. त्या नाटकात माणसांची रांग गात, नाचत, क्षणात भिंत होऊन कथा पुढे नेते. तीच रीत येथे डोंगरात आली. म्हणजे ज्याला आपण ठाकरांचा समूह म्हणून ऐकतो तो बऱ्याच अंशी पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीचा समूह आहे. हे सांगण्यात गीतांचा अधिक्षेप नाही. चित्रपटगीत एकट्या नायकाचे वा नायिकेचे असते ही सवय मोडून येथे वाडी बोलते आणि त्यामुळेच पन्नास वर्षांच्या उंबरठ्यावरही हे संगीत शिळे वाटत नाही. आशा भोसले यांचे ‘नभ उतरू आलं’ व लता मंगेशकर यांचे ‘मी रात टाकली’ ही गीते अधिक लोकप्रिय असली तरी ध्वनिमुद्रिका सलग ऐकणाऱ्याला समूहाचे ऋण मान्य करावे लागते. स्त्रीच्या इच्छेचा उच्चार या दोन गीतांत ज्या निःसंकोचपणे होतो तोही मराठी चित्रपटगीतांत त्या काळी विरळाच होता.

एका बाबतीत मात्र आजचे ऐकणे पूर्वीसारखे राहिलेले नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी अतिवृष्टीत दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले. ती ठाकरांची वाडी होती, आणि तिच्याही माथ्यावर सुळका होता. त्यानंतर पंधराच दिवसांनी, ३ ऑगस्ट रोजी, महानोर निवर्तले. त्या पावसाळ्यात श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांतून ‘नभ उतरू आलं’ ऐकताना या तालुक्यातील श्रोत्याला अवघडल्यासारखे झाले असेल तर नवल नाही. त्या गीतातला पाऊस उत्कट शृंगाराचा आहे. त्यात भय नाही. कवितेला याचा दोष देता येणार नाही. परंतु डोंगरउतारावर राहणाऱ्यांचा पाऊस म्हणून ते वर्गात शिकवले जात असेल तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते, असे नोंदवणे भाग आहे.

मूळ कथेला ही दुसरी बाजू ठाऊक होती. नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरील मधमाश्यांशी वैर धरतो, पोळी उतरवण्याचा पण पुरा करतो, आणि ‘जैत’ होते तेव्हा चिंधी उरलेली नसते. डोंगर येथे देव आहे आणि तो माणूस घेतोही. स्मिता पाटील यांनी साकारलेल्या चिंधीचा हा शेवट संमेलनाच्या कार्यक्रमात सहसा घेतला जात नाही. ढोलाची गाणी तेवढी निवडली जातात.