अडकलेली फीत

आमच्या घरचा टेपरेकॉर्डर बंद पडला की वडील त्याला वरून एक थाप मारायचे. तेवढ्याने भागले नाही, तर मी झाकण उघडून गुंतलेली फीत सोडवायचो आणि पेन्सिलने कॅसेट गुंडाळायचो. पण हाच टेपरेकॉर्डर गुरू ग्रहाच्या वाटेवर असेल तर?

अमेरिकेच्या नासाने १९८९ साली गुरूकडे 'गॅलिलिओ' यान धाडले. एप्रिल १९९१ मध्ये त्याची छत्रीसारखी मोठी अँटेना उघडायची होती. तिच्या काही काड्या अडकल्या आणि ती शेवटपर्यंत पुरती उघडली नाही. सेकंदाला १,३४,००० बिट माहिती पाठवू शकणारी वाट बंद झाली. लहान अँटेनाने संदेश येत, ते अगदी थेंबाथेंबाने. मग शास्त्रज्ञांनी नवी रीत काढली. गुरूजवळ असताना सारे फितीवर नोंदवायचे आणि नंतर सवडीने पृथ्वीवर पाठवायचे. साऱ्या मोहिमेची मदार आता एका टेपरेकॉर्डरवर आली.

आणि ११ ऑक्टोबर १९९५ रोजी तोच अडकला! फीत मागे गुंडाळण्याची आज्ञा दिली. मोटर तासन्‌तास फिरत राहिली, फीत मात्र जागची हलेना. गुरू दोन महिन्यांवर आलेला. एक संदेश पोहोचायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागे. तेथे थाप कोण मारणार?

तंत्रज्ञांनी घाई केली नाही. आधी रेकॉर्डर थांबवला, हाती आलेले आकडे तपासले. २० ऑक्टोबरला फीत जराशी पुढे सरकवून पाहिली. ती सरकली! फितीचा तो भाग कमकुवत झाला असावा, या शंकेने त्यावर फितीचे २५ वेढे देऊन तो कायमचा झाकून टाकला.

पण जोखीम उरलीच. ७ डिसेंबरला गुरूच्या वातावरणात उतरणाऱ्या उपकरणाची माहिती टिपायची होती. ती संधी पुन्हा येणार नव्हती. म्हणून त्याच दिवशी 'आयो' या उपग्रहाची जवळून घ्यायची छायाचित्रे त्यांनी सोडून दिली. वर्षानुवर्षे ज्याची वाट पाहिली, ते हातचे जाऊ देणे सोपे नसते. उपकरणाची माहिती मात्र सुखरूप पोहोचली. आयोची जवळून छायाचित्रे घ्यायला १९९९ साल उजाडले.

नोव्हेंबर २००२ मध्ये रेकॉर्डर पुन्हा थांबला. या वेळी दोष फितीचा नव्हता. मोटरच्या यंत्रणेतला एक चिमुकला प्रकाशदिवा गुरूच्या किरणोत्साराने मंदावला होता. त्यातून बराच काळ वीजप्रवाह सोडून तो कामापुरता सुधारला आणि अडकलेली माहिती पृथ्वीवर आली. २१ सप्टेंबर २००३ रोजी यान ठरवून गुरूत विलीन करण्यात आले.

आजही घरात काही बंद पडले की माझा हात थाप मारायला उठतो. मग गॅलिलिओ आठवतो. मी हात आवरतो आणि आधी विचारतो, शेवटचे नीट चालले ते केव्हा?