डोक्यावर ठेवलेला हात

कोलंबो, 29 मे 1892

मे संपत आलाय. पाऊस कधीही कोसळेल. हवा इतकी कोंदट की धुपाचा वास कपड्यांना चिकटून बसतो. हुल्ट्सडॉर्प भागातल्या ‘अवर लेडी ऑफ गुड डेथ’ चर्चमध्ये तुम्ही मागच्या बाजूला, गर्दीत उभे आहात. वेदीपुढे एक माणूस गुडघे टेकून बसलाय. त्याचं नाव झोझेफ रने व्हिलात. जन्म पॅरिसचा, कर्मभूमी अमेरिकेतलं विस्कॉन्सिन. बिशप होण्यासाठी तो अर्धं जग ओलांडून इथवर आलाय.

त्याच्या डोक्यावर हात ठेवणारे बिशप आपल्या मुलखाचे आहेत: आंतोनियो फ्रान्सिस्को शाविएर आल्वारिस, गोव्यातल्या वेर्ण्याचे, वय 56. सोबतीला मलबारचे दोन सीरियन बिशप आहेत. 1886 मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला आणि सिलोनमधली कॅथलिक मंडळी गोव्याच्या अधिकाराखालून निघाली. गोव्याचेच धर्मगुरू हवेत म्हणून हटून बसलेल्या लोकांमागे आल्वारिस उभे राहिले. 1889 मध्ये कोट्टायमला मलंकरा सीरियन चर्चने त्यांना ‘मार ज्युलियस’ या नावाने बिशप केलं. आज तोच अधिकार त्यांच्या हातातून व्हिलातच्या डोक्यावर उतरतोय. दार उघडं आहे, दिवसाचा उजेड आहे, पाहुण्यांत अमेरिकेचा कॉन्सलसुद्धा आहे. यात लपवण्यासारखं काही नाही.

हे हात नीट पाहून ठेवा. इथून तुम्हाला जायचंय ते दारं बंद करून घेणाऱ्या माणसांत.

पॅरिस, त्याच सुमाराला

दोन वर्षं मागे या. लेडी केथनेस यांच्या दिवाणखान्यात पडदे ओढलेले आहेत. या बाई पॅरिसमधल्या थिऑसॉफिकल शाखेच्या प्रमुख. त्या सोसायटीचे संस्थापक 1879 मध्ये मुंबईला आले आणि गिरगावात राहिले होते. आपण स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिचा पुनर्जन्म आहोत अशी बाईंची श्रद्धा आहे. टेबलाभोवतीची माणसं श्वास रोखून मृतात्म्यांच्या संदेशाची वाट बघतायत, आणि त्यांच्यात झ्युल द्वानेल बसलेत.

द्वानेल ऑर्लेआंचे दप्तरदार आहेत. जुनी कागदपत्रं चाळणं हे त्यांचं रोजचं काम. 1022 मध्ये त्याच शहरात काही धर्मगुरूंना पाखंडी ठरवून जिवंत जाळलं होतं. त्या प्रकरणाच्या दस्तऐवजाने द्वानेल यांना झपाटून टाकलंय. आज त्यांना संदेश मिळतो तो माँसेग्यूरच्या बिशपांचा. हे बिशप कॅथार होते, म्हणजे रोमने पाखंडी ठरवलेल्या मध्ययुगीन ख्रिस्ती पंथाचे. 16 मार्च 1244 ला त्या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी दोनशेहून अधिक कॅथार आगीत गेले. आमचं चर्च पुन्हा उभं कर, असं ते सांगतायत, अशी द्वानेल यांची खात्री पटते.

1890 मध्ये ते नॉस्टिक चर्चची पुनर्स्थापना जाहीर करतात आणि ‘दुसरा व्हॅलेंटाइन’ हे नाव घेतात. पहिला व्हॅलेंटाइन दुसऱ्या शतकातला, रोममध्ये शिकवणारा. माणसात परमेश्वराचा अंश अडकलाय आणि तो सुटतो ज्ञानाने, ही त्याची शिकवण. नव्या चर्चमध्ये भाकर मोडण्याचा विधी आहे, कॅथारांसारखी हस्तस्थापना आहे, आणि बिशपपद स्त्रियांनाही खुलं आहे. त्या काळच्या फ्रान्समध्ये ही फार मोठी गोष्ट.

पण चर्च उभं राहायला माणसं लागतात. ती कुठून येतात ते पाहायला र्यू द त्रेव्हीजवर चला, 29 क्रमांकाच्या घरात. इथे ल्युसियँ शाम्युएल यांचं पुस्तकांचं दुकान आहे. किमया, ज्योतिष, कबाला अशा पुस्तकांनी फळ्या गच्च भरल्यात. गूढविद्येच्या अभ्यासमंडळाचा पत्ताही हाच. मंडळाचे सूत्रधार आहेत जेरार आँकोस, म्हणजेच पापुस. वैद्यकाचं शिक्षण अजून चालू, वय तिशीच्या आत. 1891 मध्ये त्यांनी मार्टिनिस्ट ऑर्डरचं सर्वोच्च मंडळ स्थापन केलंय.

या ऑर्डरची दीक्षा कशी असते? दिवे मोजकेच. तुमच्या चेहऱ्यावर काळा मुखवटा चढतो आणि अंगावर झगा येतो. बाहेरच्या जगातलं तुमचं नाव, तुमचा हुद्दा त्या मुखवट्याआड राहतो. एकांतात स्वतःकडे पाहायला शीक, मग बोल, असा त्याचा अर्थ तुम्हाला समजावतात. पायऱ्या तीन, आणि शेवटची पायरी ‘अज्ञात श्रेष्ठी’ची. ज्याने तुम्हाला दीक्षा दिली त्याला कुणीतरी दिली होती, त्यालाही आणखी कुणीतरी. मुखवट्याखालच्या माणसाला आधार असतो तो या साखळीचा.

1892 मध्ये द्वानेल पापुस यांना तुलूझचे बिशप करतात. बिशप म्हणून आता त्यांचं नाव ‘ताउ व्हँसाँ’. शाम्युएलही बिशप होतात. तीच मंडळी संध्याकाळी लॉजमध्ये, म्हणजे गुप्त मंडळाच्या बैठकीत, आणि तीच वेदीपुढे.

असं का? 1884 मध्ये पोप तेराव्या लिओंनी फ्रीमेसनांचा कडक निषेध केला होता. गुप्त मंडळात बसणाऱ्या कॅथलिकाच्या डोक्यावर बहिष्काराची टांगती तलवार होती. लॉज त्याला ज्ञानाची वाट दाखवत होतं, पण त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा किंवा मरणकाळचा संस्कार लॉजला करता येत नव्हता. नॉस्टिक चर्चकडे संस्कार होते, पण शिस्त, सभासद आणि बसायला जागा लॉजकडे. माझ्या मते लॉज आणि चर्च यांच्या नात्याचं मूळ सगळ्यात आधी या गरजेत आहे. कटकारस्थानं शोधणाऱ्यांना ते दिसत नाही.

पॅरिस, 1895 ते 1911

ही वर्षं झपाझप ओलांडा. 1895 मध्ये द्वानेल सगळं सोडून रोमच्या चर्चमध्ये परततात आणि टोपणनावाने लॉजवर आणि आपल्याच चर्चवर प्रहार करणारं पुस्तक लिहितात. फाब्र देझेसार्त त्यांची जागा घेतात. काही वर्षांनी द्वानेल पुन्हा नॉस्टिक चर्चमध्ये येतात आणि 1902 मध्ये त्यांचा मृत्यू होतो. 1907 मध्ये ल्योंचे झाँ ब्रिको वेगळी शाखा काढतात. 1909 मध्ये 22 वर्षांचे रने ग्येनों फाब्र देझेसार्त यांच्या चर्चमध्ये बिशप होतात. हिंदू तत्त्वज्ञानावर लिहिणारे म्हणून आपण त्यांना पुढे ओळखणार आहोत.

1911 मध्ये करार होतो: ब्रिको यांचं चर्च हे मार्टिनिस्टांचं अधिकृत चर्च. वीस वर्षं माणसांतून वाहत आलेलं नातं आता कागदावर येतं.

ल्यों, 1913

कराराने संघटना जुळली, तरी ब्रिको यांच्या मनातली खंत राहतेच. द्वानेल यांचा अधिकार आला होता दृष्टान्तातून. रोमच्या धर्मशास्त्रात बिशप होतो तो बिशपच्या हातून. तो हात बंडखोराचा असला तरी साखळी अखंड असेल तर अभिषेक पोकळ ठरत नाही. ब्रिको यांना तशी साखळी हवी आहे. 21 जुलै 1913 ला लुई फ्रांस्वा जिरो त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात.

आता ती परंपरा मागे मागे वाचत जा. ब्रिको यांना जिरोंनी, जिरोंना उसे यांनी, उसे यांना मिराग्लियांनी, मिराग्लियांना व्हिलात यांनी. आणि व्हिलात यांना, कोलंबोच्या त्या चर्चमध्ये, वेर्ण्याच्या आल्वारिसांनी. माँसेग्यूरच्या राखेत शोधलेला अधिकार फ्रेंच नॉस्टिकांना मिळाला तो एका गोंयकाराच्या हातून.

त्या वेळी स्वतः आल्वारिस कुठे असतात? गोव्यात, गोरगरिबांत. त्यांनी वर्तमानपत्रं चालवली आहेत, पटकीच्या साथीत ते रुग्णांसाठी झटलेत. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अटक करून बिशपची वस्त्रं उतरवायला लावली होती. 1923 मध्ये रायबंदरच्या इस्पितळात ते जातील. 2015 मध्ये मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च त्यांना संत म्हणेल.

ल्यों, मार्च 1944

पापुस 1916 मध्ये गेले. दोन वर्षांनी मार्टिनिस्टांची धुराही ब्रिको यांच्याकडे आली, आणि चर्च व ऑर्डर एकाच माणसाच्या हाती एकवटली. 1934 मध्ये ब्रिको वारले आणि कॉन्स्ताँ शेव्हियों त्यांच्या जागी आले. 1940 च्या ऑगस्टमध्ये जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने गुप्त मंडळांवर बंदी घातली. तुम्ही पोचता तेव्हा व्हिशीच्या ‘मिलिस’ या निमलष्करी दलाच्या लोकांनी शेव्हियोंना गोळ्या घालून ठार केलेलं असतं. ज्यांना जग गुप्त म्हणत आलं, त्यांना शोधणं सत्तेला मुळीच अवघड गेलं नाही.

या प्रवासातून मी एक गोष्ट ठामपणे सांगेन. दीक्षा घेणाऱ्याने परंपरा जरूर विचारावी, पण नावांची यादी किती प्राचीन आहे यावर थांबू नये. त्या नावांच्या माणसांनी काय सोसलं आणि कुणासाठी, हेही विचारावं. मुखवटा, गुप्त नाव, बंद दार यांनी माणसाला अंतर्मुख व्हायला मदत होत असेल. अधिकार त्यातून येत नाही. ल्योंच्या या यादीच्या एका टोकाला आल्वारिस आहेत आणि दुसऱ्या टोकाला शेव्हियों. दोघांनीही आपल्या श्रद्धेची किंमत सत्तेपुढे उघडपणे चुकवली. या परंपरेला वजन आहे ते त्यांच्यामुळे.